पहिल्या सुईत सापडलं नाही

आमच्या घरात छातीचा आजार कुणाला होणार असेल तर तो सलीमला, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. सलीम म्हणजे माझे मिस्टर. आर्णीत आमचं गादी-रजईचं दुकान आहे. तीस वर्षं ते कापूस पिंजतात, तोंडाला रुमाल बांधायचा कंटाळा करतात आणि थंडीभर खोकतात. मी शाळेत मराठी शिकवते. मला ना खोकला, ना दम.

शाळेत छातीच्या तपासणीची गाडी आली, तेव्हा मी त्यांना दुकानातून जवळजवळ ओढून नेलं. रांगेत त्यांची कुरकुर थांबेना, म्हणून त्यांच्या सोबतीला मीही एक्स-रे काढला.

दोन दिवसांनी निरोप आला. सलीमची छाती साफ होती. माझ्या उजव्या फुप्फुसात डाग होता.

यवतमाळला छातीच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी सिटी स्कॅन करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी समोर बसवून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर फुप्फुसाचं चित्र काढलं. वरच्या भागात एक टिंब दिलं. ही गाठ, म्हणाल्या. पावणेदोन सेंटिमीटर. जुन्या टीबीचा वण असू शकतो, दुसरा काही संसर्ग असू शकतो, कर्करोगही असू शकतो.

“तुमचा अंदाज काय?” मी विचारलं.

“कडा मला आवडलेल्या नाहीत. पण चित्र बघून मी नाव देणार नाही. नाव द्यायचं तर सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल.”

मग त्यांनी तंबाखू, विडी, घरातली चूल असं सगळं विचारलं. मी कधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. हे सांगताना माझा आवाज उगाच चढला. पुढच्या दिवसांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की शेवटी मी मोजणं सोडलं. शाळेतल्या एका शिपाईदादांनी तर हळूच सांगितलं, “म्याडम, तंबाखूचा खर्रा खात असान तं सोडून द्या आता.” त्यांचा हेतू चांगला होता.

परतीच्या बसमध्ये सलीम खिडकीशी बसले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मशीन मी चालवतो, धूळ मी खातो, अन् डाग तुले निंगाला. हे कसं काय?”

मी त्यांच्या हातातली स्कॅनची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. ती सारखी घसरत होती.

आपा

सलीमच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आपा म्हणतो. त्या महागावला असतात, बांगड्यांचं दुकान चालवतात. चार वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. त्यांचीही सुईची तपासणी झाली होती आणि त्यानंतर चार महिन्यांत ते गेले. आपांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना कायमच्या चिकटल्या होत्या.

बातमी कळली तशा त्या आर्णीला आल्या. बुरखा काढायच्या आधीच बोलायला लागल्या.

“सुई लावू नको, नसरीन. मी डोळ्यानं पाह्यलं हाय. सुई लागेपर्यंत मानूस चालत-फिरत होता. सुई लागली अन् आजार अंगभर पसरला.”

“आपा, त्याईचा आजार पह्यलेच पसरला होता,” सलीम म्हणाले. “डाक्टरनं तवाच सांगतलं होतं.”

“तुले काय मालूम? तू होता काय तिथं?”

आमची मुलगी आफरीन यवतमाळला नर्सिंग शिकते. ती फोनवर होती, स्पीकर चालू होता. ती तावातावानं समजावायला लागली, तशा आपा उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. त्यांचं वादात असंच असतं. त्या हरत नाहीत, निघून जातात.

मी त्यांच्याजवळ गेले. त्या भांड्यांकडे बघत म्हणाल्या, “गाठ झोपली हाय, तं झोपू दे ना. कायले जागवतं तिले?”

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. मी शिकलेली बाई आहे, मराठीच्या पुस्तकातले विज्ञानाचे धडे मुलांना समजावून देते, तरी राहिलं. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना सांगते, असं काही मनात आलं तर लाजू नका. डॉक्टरांना तसंच्या तसं विचारा. मी त्या वेळी विचारलं नाही, ही माझी चूक.

टेबलावर

तपासणी यवतमाळच्याच एका दवाखान्यात झाली. आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या केल्या. मी रक्त पातळ करणारी काही गोळी घेते का, हे तिघांनी वेगवेगळं विचारलं. संमतीच्या कागदावर काय काय होऊ शकतं ते लिहिलं होतं: खोकल्यातून रक्त, फुप्फुसाभोवती हवा साठणं, क्वचित नळी टाकावी लागणं, आणि नमुना अपुरा पडणं. पहिल्या तीन गोष्टी मी दोनदा वाचल्या. चौथीकडे लक्षही दिलं नाही.

मला डाव्या कुशीवर झोपवलं. उजवा हात डोक्यावर. टेबल मशीनच्या गोल तोंडात जायचं, चित्र निघायचं, बाहेर यायचं. अंगावर पेनानं खूण केली. तंत्रज्ञ मुलगी श्वासाचा सराव करून घेत होती. “घ्या, थोडा सोडा, थांबा. दर वेळी एवढाच घ्यायचा, मॅडम. कमी-जास्त झाला की गाठ जागा बदलते.” मी थांबत होते. पण छातीत धडधड इतकी होती की दर वेळचा श्वास सारखा आला असेल, असं मला आजही वाटत नाही.

बधिर करायचं इंजेक्शन झोंबलं. त्यानंतर दुखलं नाही, फक्त कुणीतरी बरगडीच्या आत बोट रोवल्यासारखा दाब जाणवला. टेबल आत, चित्र, बाहेर. सुई थोडी सरकवली. परत आत. मग स्टेपलरसारखा ‘टक’ आवाज. असं तीनदा. तिसऱ्या वेळी मला खोकला आला आणि तोंडात खारट चव आली. टिश्यूवर लाल रक्त होतं, चहाच्या चमच्याएवढं. असं होऊ शकतं हे कागदावर वाचलं होतं. वाचलेलं आणि तोंडात आलेलं यात फरक असतो.

दोन तासांनी एक्स-रे काढला, तर फुप्फुसाच्या वरच्या बाजूला हवेची पट्टी दिसली. खांद्यात कळ येत होती, पूर्ण श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, हवा थोडी आहे, नळीची गरज पडू नये, पण एक दिवस इथंच राहा. नाकाला ऑक्सिजन लावला.

वॉर्डात वनिताबाई नावाच्या एक आया होत्या. मी सलीमना दुकान, शाळा, आफरीनची परीक्षा असं सगळं सांगत सुटले होते. त्या आल्या, चादर सरळ केली आणि म्हणाल्या, “म्याडम, आयुष्यभर पोराईले ‘गप बसा’ म्हनत आल्या ना? आता तुमी बसा.” सलीम कितीतरी दिवसांनी हसले. मी गप्प बसले. संध्याकाळच्या एक्स-रेत हवा वाढलेली नव्हती, दुसऱ्या दिवशी कमी झाली, आणि मला घरी सोडलं.

‘आढळले नाही’

आठवड्यानं रिपोर्ट आला. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, दाहाची चिन्हं आहेत, असं लिहिलं होतं. सलीमनी दुकानात पेढे वाटले. आपांना फोन केला, तर त्या रडल्या. शाळेत गजभिये मॅडमनी मला मिठी मारली.

छातीच्या डॉक्टर मॅडम मात्र रिपोर्ट वाचून खूश झाल्या नाहीत. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

“तुम्ही भाषेच्या शिक्षिका आहात. नीट वाचा. यात काय नाही ते लिहिलं आहे. काय आहे ते लिहिलेलं नाही.”

“दाह लिहिलाय ना?”

“गाठीच्या आजूबाजूला दाह असतोच. सुई कडेला लागली तर कडेचंच हाती येतं. यात टीबीची खूण सापडली असती, किंवा अमुक प्रकारची साधी गाठ असं नाव आलं असतं, तर मी तुम्हाला सोडून दिलं असतं. नुसतं ‘आढळले नाही’ यावर, अशा कडा असलेल्या गाठीला मी सोडणार नाही.”

“मग सुई चुकली?”

“चुकली असं म्हणता येणार नाही. गाठ लहान आहे, श्वासाबरोबर हलते. बहुतेक वेळा पहिल्यांदा उत्तर मिळतं. काही वेळा मिळत नाही. तुमच्या बाबतीत मिळालेलं नाही.”

दोन रस्ते होते. लगेच पुन्हा सुई, नाहीतर तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. त्यांनी साफ सांगितलं, मी तुमच्या जागी असते तर पुन्हा सुई केली असती. सलीम माझ्याकडे बघत होते. माझा खांदा अजून दुखत होता.

मी तीन महिने मागून घेतले. कुणी जबरदस्ती केली नाही. निर्णय माझा होता.

ते तीन महिने

वरवर ते चांगले गेले. मी शाळेत जात होते, पेपर तपासत होते, पायऱ्या चढत होते. कुणी तब्येत विचारली की ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणत होते. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

आफरीन घरी आली की भांडण व्हायचं. एकदा ती माझी स्कॅनची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसली. “अम्मी, तू सोताले फसवून राह्यली. मॅडमनं काय सांगतलं ते तू आपाले सांगतलंच नाई.”

“सांगून काय करू? पुन्हा रडतीन त्या.”

“म्हणजे आपा रडू नये म्हनून तू थांबली?”

मी तिला खोलीबाहेर जायला सांगितलं. ती गेली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ती म्हणाली ते अर्धंच खरं होतं. बाकीचं अर्धं असं की मला त्या टेबलाची भीती बसली होती. तोंडातली खारट चव अचानक आठवायची, फळ्यावर लिहितानासुद्धा. ते मी कुणाला सांगितलं नाही.

सलीमनी या काळात काही न बोलता एक काम केलं. पिंजायचं मशीन आमच्या घराखालीच होतं. ते त्यांनी उचलून गावाबाहेर चुलत भावाच्या शेडमध्ये नेऊन बसवलं. रोज सायकलनं तिकडे जायला लागले आणि तोंडाला रुमाल बांधायला लागले. मी म्हटलं, डॉक्टरांनी कापसाच्या धुळीचं काही सांगितलं नाही. म्हणाले, “डाक्टरनं नाई सांगतलं. मी माह्यासाठी केलं.”

दुसऱ्यांदा

तीन महिन्यांनी गाठ दोन सेंटिमीटरच्या थोडी पुढे गेली होती. मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. मी म्हटलं, करू या.

त्यांनी नागपूरला पाठवलं, जिथे अशा तपासण्या रोज होतात. या वेळी मी प्रश्न वहीत लिहून नेले. सुई मारणारे डॉक्टर वयानं मोठे होते. त्यांनी वही बघितली आणि खुर्ची ओढून बसले. गेल्या वेळी हवा साठली म्हणजे या वेळीही साठेल का, हे विचारलं. म्हणाले, साठू शकते, पण तुमचं बाकीचं फुप्फुस चांगलं आहे आणि साठली तर काय करायचं ते आमच्या हाताशी तयार असतं. नमुना पुरेसा आहे हे कसं कळणार? पेशी तपासणारे डॉक्टर शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसतील, ते सांगतील. मग मी आपांचा प्रश्न विचारला, त्यांच्याच शब्दांत. सुईनं झोपलेली गाठ जागी होते का?

ते हसले नाहीत. “सुईच्या वाटेवर पेशी राहिल्या असं फार क्वचित घडतं. घडतच नाही असं मी म्हणणार नाही. पण गाठ झोपलेली नसते, ताई. आपल्याला ती दिसत नाही एवढंच. या भीतीनं तपासणी टाळणाऱ्यांचं नुकसान मी जास्त पाहिलं आहे.”

या वेळी मला पालथं झोपवलं. पाठीतून वाट जवळची होती म्हणे. श्वास अडवायची वेळ आली की ते स्वतः मोजत होते आणि घाई करत नव्हते. मध्ये एकदा माझा श्वास चुकला, तर सगळं थांबवून पहिल्यापासून सुरुवात केली. चार तुकडे घेतले. शेजारच्या खोलीतून बाईचा आवाज आला, “सर, पुरेसं आहे.” तो ऐकून माझे खांदे सैल पडले. नंतर मला उताणं ठेवलं, सुई जिथून गेली त्या पाठीवर भार देऊन. बोलायचं नाही, खोकायचं नाही, उठायचं नाही. तीन तासांनी एक्स-रे साफ होता.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. छातीच्या मॅडमनी फोनवर सांगितलं नाही, बोलावून घेतलं, म्हणून रस्त्यातच कळलं होतं.

“कर्करोग आहे,” त्या म्हणाल्या. “लहान आहे, आणि स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे दिसत नाही. काढता येईल.”

सलीम ‘तोंड धुऊन येतो’ म्हणून बाहेर गेले. मी तिथंच बसून होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी विचारलं, “नाव काय त्याचं?” त्यांनी नाव सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. तीन महिने मी नाव नसलेल्या गोष्टीला घाबरत होते. आता निदान नाव तरी होतं. मग ‘तीन महिने गेले’ हेही आठवलं, आणि तेव्हा रडू आलं.

ऑपरेशन नागपूरलाच झालं. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. ते दिवस सविस्तर लिहीत नाही, नळ्या होत्या, दुखत होतं, फुगे फुगवायचा व्यायाम होता आणि आफरीन नर्ससारखी वागत होती. काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला, आजूबाजूच्या रसग्रंथींमध्ये आजार गेलेला नव्हता. सर्जनना विचारलं, त्या तीन महिन्यांच्या उशिरानं काही बिघडलं का? म्हणाले, “नक्की सांगता येणार नाही. पसरलेला नव्हता, एवढं सांगू शकतो.” मी त्या उत्तरावर दिवस काढते आहे. सहा महिन्यांनी एकदा स्कॅन असतं. आतापर्यंत तीन झाले, तिन्ही साफ. जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं.

आपा पुन्हा आल्या

ऑपरेशननंतर महिनाभरानं आपा घरी राहायला आल्या. स्वयंपाक करायच्या, माझे केस विंचरून द्यायच्या, पण नजरेला नजर देत नव्हत्या. एका दुपारी घरात दोघीच होतो. वेणी घालता घालता त्यांचे हात थांबले.

“माह्यामुळं उशीर झाला ना तुले?”

“नाही आपा. मला टेबलाची भीती वाटत होती. तुमचं नाव सांगणं सोपं होतं.”

त्या पुढे येऊन बसल्या, माझा हात धरला आणि आपल्या डाव्या छातीच्या बाजूला, काखेखाली ठेवला. कपड्यावरूनही लागत होती. सुपारीएवढी गाठ.

“कधीपासून?”

“तुह्या एक्स-रेच्या आधीपासून.”

मला तेव्हा कळलं. त्या दिवशी बुरखाही न काढता त्या माझ्याशी भांडल्या होत्या, ते भांडण माझ्या गाठीबद्दल नव्हतं. मी सुई लावली आणि काही बरं-वाईट झालं, तर आपलंही तसंच होणार, ही त्यांची भीती होती. आणि मी बरी झाले, तर त्यांनाही स्वतःची गाठ तपासायला जावं लागलं असतं.

“सलीमले सांगू नको,” त्या म्हणाल्या.

“सांगत नाही. पण सोमवारी आपण यवतमाळला जातोय.”

त्या नाही म्हणाल्या नाहीत. सोमवारी बसमध्ये त्यांनी फक्त एकदा विचारलं, किती दुखतं. मी खरं सांगितलं: इंजेक्शन झोंबतं, मग दाब येतो, टक असा आवाज येतो, दचकू नका. छातीवरची गाठ वर असते, फुप्फुस लांब, म्हणून माझ्यासारखी हवा साठायची भीती जवळजवळ नाही. त्यांना सोनोग्राफीत बघत सुई लावली. मी आत उभी होते. ‘टक’ झालं तेव्हा त्या दचकल्या नाहीत, मी दचकले.

रिपोर्टही आम्ही दोघींनीच आणला. त्यात कर्करोग आढळला नाही असं होतं. मी तेवढ्यावर थांबले नाही. पुढे वाचलं. या वेळी काय आहे तेही लिहिलं होतं, एका साध्या गाठीचं नाव. तरीही डॉक्टरांना विचारलं, सुई नेमकी गाठीतच होती ना, आणि हे नाव सोनोग्राफीच्या चित्राशी जुळतं का? त्यांनी पडद्यावर गाठीत शिरलेली सुई दाखवली. जुळतं, म्हणाले. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.

बाहेर बाकावर आपांनी मला रिपोर्ट मोठ्यानं वाचायला लावला. मग आणखी एकदा.

हे लिहून झाल्यावर मी त्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या मिस्टरांचं, भांडणाचं, गाठीचं. शेवटी म्हणाल्या, “चांगलं हाय. छापू दे. एखाद्या बाईच्या कामी येईन. माह्यं गाव मात्र बदल. दुकानावर बाया विचारतीन.”

मी बदलते म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला.

“राहू दे गाव,” त्या म्हणाल्या. “विचारू दे.”